न्यू जर्सीचे शाळा-अहवाल: एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा शेरा

मार्चच्या शेवटी मी मुलाकडे न्यू जर्सीला आले, तेव्हा त्यांचं घर शोधणं ऐन रंगात होतं. नात सप्टेंबरात तिसरीला जाणार, त्याआधी भाड्याचं अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात जायचं ठरलेलं. सूनबाईने दोन टाउन पक्के केले होते. घरं दाखवणारा एजंट पहिल्याच शनिवारी म्हणाला, "इथली शाळा आठची आहे, तिथली पाचची." मी विचारलं, पाच म्हणजे पाच काय? मुलगा म्हणाला, "आई, रेटिंग असतं, दहापैकी." त्या तीन गुणांच्या फरकापायी सारख्याच खोल्यांच्या, सारख्याच अंगणाच्या दोन घरांच्या किमतीत लाखावर डॉलरचं अंतर होतं. आणि ते रेटिंग कशावरून आलं, हे गाडीतल्या चौघांपैकी कुणालाच सांगता येईना.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. ३० सप्टेंबरची पटसंख्या धरून यूडायसचे, म्हणजे सरकारी शाळा-माहितीचे, रकाने भरणं, केंद्रप्रमुखांनी परत पाठवले की पुन्हा भरणं, हे दरवर्षीचं काम. त्यामुळे शाळेबद्दलचा आकडा समोर आला की तो कुणी, कशासाठी आणि कोणत्या तारखेला भरला हे मला आधी विचारावंसं वाटतं. त्या रात्री मी मुलाला म्हटलं, इथल्या सरकारची मूळ माहिती असेलच ना कुठेतरी? ती दाखव. पुढचे तीन आठवडे, नात शाळेत आणि ही दोघं कामावर असताना, मी ती वाचत बसले.

राज्याच्या शिक्षण विभागाचे हे अहवाल 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट्स' या नावाने मिळतात. पैसे नाहीत, नोंदणी नाही. प्रत्येक शाळेचा वेगळा अहवाल आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचा वेगळा. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, एका किंवा काही गावांच्या शाळांचा कारभार. एक थोडक्यातला, एक सविस्तर. ज्याला हवं त्याला सगळ्या राज्याचे तक्ते एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. मी सविस्तरच वाचा असं सांगेन. थोडक्यातला अहवाल एजंटच्या आकड्यापेक्षा नक्कीच बरा आहे, पण ज्या ओळींसाठी मी हे लिहितेय त्या त्यात नीट दिसत नाहीत.

पण अहवाल उघडायच्या आधी एक गोष्ट नक्की करा: घर नेमकं कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे. इथे ५६४ गावं आणि सहाशेच्या घरात स्कूल डिस्ट्रिक्ट. काही डिस्ट्रिक्ट एका गावाचे, काही दोन-तीन गावांचे मिळून, काहींची शाळा आठवीपर्यंतच आणि पुढची मुलं दुसऱ्याच्या हायस्कुलात. क्रॅनबरीची मुलं नववीला प्रिन्स्टन हायस्कूलमध्ये जातात. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या दोन टाउनशिपचा मिळून एक डिस्ट्रिक्ट आहे. आणि पत्ता तर भलतीकडेच नेतो. पाकिटावर 'प्रिन्स्टन' लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात साउथ ब्रन्सविक, मॉन्टगोमेरी किंवा प्लेन्सबरोत मोडतात, म्हणजे शाळा त्या त्या डिस्ट्रिक्टची. पोस्टाचा पत्ता आणि शाळेची हद्द यांचा एकमेकांशी संबंध नाही. आम्ही पाहिलेल्या एका घराच्या जाहिरातीत याच गोंधळामुळे शेजारच्या डिस्ट्रिक्टचं नाव होतं. टाउनशिपच्या कर-नोंदीत घराची जागा पाहिली तेव्हा खरं कळलं.

आता निकाल. इथे तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी भाषा आणि गणिताची राज्याची परीक्षा होते. मी वाचलेल्या अहवालांत गुण ६५० ते ८५० मध्ये पडलेले आणि ७५० ला रेघ. रेघेवर आणि वर असलेली मुलं 'अपेक्षा पूर्ण', खालची नाहीत. डिस्ट्रिक्टची टक्केवारी म्हणून सगळीकडे फिरते ती या रेघेच्या वरच्या मुलांची. आता वर्गात शिकवणाऱ्या बाईच्या नजरेने बघा. एक मूल वर्षाच्या सुरुवातीला ६८० च्या लायकीचं होतं, बाईंनी जीव तोडून त्याला ७४५ पर्यंत आणलं. टक्केवारीत त्याची नोंद शून्य. दुसरं मूल घरूनच ८०० चं आलं आणि ७७० वर घसरलं, ते मात्र पूर्ण धरलं गेलं. राज्यभरात भाषेत जेमतेम निम्मी मुलं या रेघेवर आहेत आणि गणितात चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे एखाद्या शाळेत पन्नास टक्के दिसले की मुलं अर्धी नापास असं समजून घाबरू नका. राज्याच्या रकान्याशेजारी ठेवून बघा, तो तिथेच दिलेला असतो.

या तक्त्यात टक्केवारीचे दोन रकाने दिसतील आणि ते जुळणार नाहीत. माझा पहिला दिवस त्यातच गेला. एक आहे परीक्षा दिलेल्या मुलांपैकी किती. दुसरा केंद्राच्या नियमाने काढलेला. २०१५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान ९५ टक्के मुलांनी परीक्षा द्यायला हवी. कमी बसली तरी भागाकार ९५ टक्के मुलांच्या संख्येनेच होतो, म्हणजे ९५ टक्क्यांना कमी पडलेली गैरहजर मुलं शून्य धरली जातात. दोन रकान्यांत मोठं अंतर दिसलं तर समजावं की त्या शाळेत बरीच मुलं परीक्षेला बसलीच नाहीत. कच्च्या मुलाला परीक्षेच्या दिवशी घरी राहू देणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. हा नियम ज्यांनी केला त्यांनी शाळा आतून पाहिलेली आहे.

माझ्या मते सगळ्या अहवालातला सर्वांत मोलाचा तक्ता प्रगतीचा आहे, आणि लोक तोच ओलांडून पुढे जातात. त्यात प्रत्येक मुलाची तुलना राज्यभरातल्या अशा मुलांशी होते ज्यांचे आधीच्या वर्षांचे गुण त्याच्यासारखेच होते. त्या सगळ्यांत यंदा हे मूल कुठे आलं, हा १ ते ९९ मधला आकडा. मग शाळेतल्या सगळ्या मुलांच्या आकड्यांमधला मधला घ्यायचा. ५० म्हणजे राज्याच्या चालीने चाललेली शाळा. साधारण ४० ते ६० च्या आत असेल तर ठीक चाललंय असं विभागही मानतो. इथे ६८० वरून ७४५ ला आलेलं मूल आपल्या बाईंचं नाव काढतं. श्रीमंत टाउनची शाळाही इथे लपू शकत नाही, कारण मुलं हुशार आली होती हे धरूनच हिशेब मांडलेला असतो. भाषेचं चौथी ते आठवी आणि गणिताचं चौथी ते सातवी एवढंच मोजतात, कारण मागचे गुण असल्याशिवाय तुलना होत नाही. आणि २०२० व २०२१ च्या वसंतात परीक्षाच झाल्या नाहीत, म्हणून मधली काही वर्षं या तक्त्यात खंड आहे. जुने अहवाल चाळताना हे लक्षात ठेवा, नाहीतर शाळा काही दडवतेय असं वाटेल.

लोकसंख्येचे तक्ते मी आधी निव्वळ कुतूहलाने उघडले. वंश, अपंगत्व, इंग्रजी शिकणारी मुलं, घरात बोलली जाणारी भाषा. आमच्या दोन्ही डिस्ट्रिक्टमध्ये तेलुगू, हिंदी, स्पॅनिश नावानिशी होत्या. मराठी दिसली नाही, 'इतर' मध्ये गेली असावी. नात शेजारी येऊन बसली होती, तिने विचारलं, "आजी, मी यात कुठे आहे?" मी तिला तो 'इतर'चा आकडा दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं आणि स्वतःलाच हात हलवला.

यात सगळ्यांत महत्त्वाचा रकाना 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' हा आहे. तो बहुतांशी शाळेतल्या मोफत किंवा सवलतीच्या जेवणावरून येतो. केंद्राच्या नियमात दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. म्हणजे पुन्हा कुणीतरी घरी अर्ज पाठवलेला, कुणीतरी तो भरून दिलेला. हायस्कुलात गेलेली मुलं लाजेने अर्ज आणत नाहीत, हे जगात सगळीकडे सारखंच असणार. म्हणून एकाच डिस्ट्रिक्टच्या प्राथमिक शाळांत हा टक्का जास्त आणि हायस्कुलात अचानक कमी दिसला तर गरिबी कमी झाली असं मानू नका.

हा रकाना आणि निकालाची टक्केवारी शेजारी ठेवून मी एक दिवस पंधरा-वीस डिस्ट्रिक्टची यादी केली. दुर्बल मुलं जितकी कमी, तितकी टक्केवारी वर, जवळजवळ ओळीने. एजंटचा आठ आणि पाच मला तिथेच उलगडला. त्यात शाळेचं काम थोडं आणि घरांची मिळकत फार. हे राज्याला ठाऊक नव्हतं असं नाही. १९७५ पासून इथे डिस्ट्रिक्टचे ए पासून जे पर्यंत गट पाडले जात, जनगणनेतलं शिक्षण, उत्पन्न, बेकारी वगैरे पाहून, म्हणजे सारख्याची सारख्याशी तुलना व्हावी. २००० च्या जनगणनेवर शेवटचे गट झाले, नंतर ते नव्याने काढले नाहीत. मला ही फार मोठी उणीव वाटते. आज अहवाल शाळेला राज्याच्या सरासरीशेजारी उभं करतो, पण तिच्यासारख्या शाळांच्या शेजारी नाही. ते काम पालकाने स्वतः करायचं.

ते करता येतं. निकालाचा तक्ता गटवार फोडलेला असतो. त्यात दुर्बल मुलांची ओळ घ्यायची आणि राज्यातल्या दुर्बल मुलांच्या ओळीशी ताडायची. तसंच इतर मुलांचं. आमच्या बाबतीत चित्र उलटंसुलटं झालं. 'पाचच्या' डिस्ट्रिक्टमधली दुर्बल मुलं राज्यातल्या तशाच मुलांपेक्षा स्पष्ट पुढे होती, बाकीची मुलंही मागे नव्हती. एकूण सरासरी खाली दिसत होती ती केवळ पहिल्या गटातली मुलं संख्येने जास्त म्हणून. 'आठच्या' डिस्ट्रिक्टमध्ये दुर्बल मुलांच्या ओळीत बऱ्याच ठिकाणी नुसतं फुलीचं चिन्ह होतं. गटात मुलं फारच थोडी असली की मूल ओळखू येऊ नये म्हणून आकडा झाकतात, आणि ते बरोबरच आहे. वीस मुलांच्या गटात एक मूल म्हणजे पाच टक्के. पण झाकलेल्या आकड्याचा अर्थ 'सगळं छान' असा होत नाही. जिथे आकडा उघडा होता, तिथे तो राज्याच्या ओळीच्या खाली होता.

हजेरी मी सगळ्यांत बारकाईने पाहिली. इथे शाळेचे १८० दिवस, त्यातले दहा टक्के म्हणजे अठरा किंवा जास्त दिवस बुडवले की मूल 'सतत गैरहजर' धरतात. निकाल खाली-वर होतो, पण मुलं शाळेत यायला लागली की शाळा सुधारतेय हे मी स्वतःच्या मस्टरवर पाहिलेलं आहे. इथे 'पाचच्या' डिस्ट्रिक्टची बाजू लंगडी पडली. प्राथमिक शाळांची हजेरी उत्तम, हायस्कूलची वाईट, आणि दोन-तीन वर्षं तशीच. हे मी सूनबाईला दडवून ठेवलं नाही.

पैशाचा भाग समजून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि राज्याच्या या सेवेचे इथे गुण कापावे लागतील. शाळेच्या अहवालात प्रत्येक मुलामागचा खर्च दिलेला आहे, केंद्राचा वेगळा आणि राज्य-स्थानिक मिळून वेगळा. पण गावाचा कर किती आणि राज्याचं अनुदान किती, हे बघायला दुसरीकडे जावं लागतं. त्यासाठी 'टॅक्सपेयर्स गाइड टू एज्युकेशन स्पेंडिंग' नावाची वेगळी पुस्तिका आहे, आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचं सोप्या नमुन्यातलं अंदाजपत्रक आहे. पुस्तिकेत एकाच डिस्ट्रिक्टचे दरडोई दोन आकडे दिसतील. पहिल्यात बस, कर्जफेड, राज्याने शिक्षकांच्या निवृत्तिवेतनापोटी भरलेली रक्कम वगैरे धरत नाहीत. दुसऱ्यात सगळं धरतात. दोन्हींत हजारो डॉलरचा फरक. एका टाउनचा पहिला आणि दुसऱ्या टाउनचा दुसरा आकडा घेऊन लोक भांडताना मी पाहिले. मुलाच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर. या पुस्तिकेची एक गोष्ट मात्र मला फार आवडली: ती डिस्ट्रिक्टची मांडणी इयत्ता आणि पटसंख्येच्या गटांत करते. अठराशे मुलांपर्यंतच्या डिस्ट्रिक्टची तुलना साडेतीन हजारांच्या वरच्याशी होत नाही. निकालाच्या अहवालात मला हवं होतं ते इथे पैशाच्या बाबतीत आहे.

हे राज्य शाळांवर पैसा कमी घालत नाही. २०२२ च्या केंद्रीय जनगणना विभागाच्या हिशेबात इथला मुलामागचा खर्च २५,००० डॉलरच्या आसपास होता, देशाची सरासरी १५,६०० च्या. भार मुख्यतः घरपट्टीवर. २०२३ मध्ये राज्यातल्या घराची सरासरी घरपट्टी ९,८०० डॉलरच्या आसपास होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त शाळांकडे जाते. मग गरीब गावाने काय करायचं? या प्रश्नावर इथे पन्नास वर्षं कोर्टात भांडण चाललं. राज्यघटनेत १८७५ पासून 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' शाळाव्यवस्था द्यावी असा शब्द आहे. १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरपट्टीवर उभी असलेली पद्धत हा शब्द पाळत नाही. सरकार हललं नाही तेव्हा १९७६ च्या जुलैत कोर्टाने शाळाच बंद ठेवायला लावल्या, आणि मग राज्याचा आयकर आला. पुढे याच प्रश्नावरच्या अ‍ॅबट नावाच्या खटल्यात गरीब शहरांतल्या ३१ डिस्ट्रिक्टना विशेष निधी मिळाला आणि १९९८ च्या निकालाने तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना पूर्व-प्राथमिक शिक्षण. हे वाचताना मला भरून आलं. कोर्टाने तीन वर्षांच्या मुलाच्या वर्गाचा विचार केला.

२००८ पासून अनुदान सूत्राने ठरतं. प्रत्येक मुलामागे मूळ रक्कम, हायस्कूलच्या मुलाला वाढीव, दुर्बल मुलाला आणखी, इंग्रजी शिकणाऱ्याला मूळ रकमेच्या निम्मी जास्त. मग गाव स्वतः किती उचलू शकेल ते काढायचं, निम्मं घरांच्या किमतीवरून आणि निम्मं रहिवाशांच्या उत्पन्नावरून. उरलेलं राज्याने द्यायचं. २०१८ च्या कायद्याने ज्यांना सूत्रापेक्षा जास्त मिळत होतं त्यांचं अनुदान सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी केलं आणि ज्यांना कमी मिळत होतं त्यांचं वाढवलं. जर्सी सिटीसारख्या ठिकाणी यात मोठी रक्कम गेली. दुसरीकडे २०१० पासून गावाला शाळेचा कर साधारणपणे वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणून घर घेणाऱ्याने यंदाचा खर्च बघून भागत नाही, मागच्या पाच-सहा वर्षांचं अनुदान ओळीने लिहून काढावं. अनुदान घटतंय आणि कर वाढवायला मर्यादा आहे, अशा ठिकाणी पहिली कुऱ्हाड संगीत, ग्रंथालय आणि बसवर पडते. 'पाचच्या' डिस्ट्रिक्टचं अनुदान वाढत आलेलं होतं. 'आठच्या' डिस्ट्रिक्टला राज्याकडून मुळातच फारसं येत नाही, सगळं घरपट्टीवर.

मी हे सगळं एका मोठ्या कागदावर मांडलं. डावीकडे मुलं कोण, मधे मुलं किती पुढे सरकली, उजवीकडे पैसा कुठून. राज्याने हा एक कागद प्रत्येक डिस्ट्रिक्टचा करून द्यावा, एवढीच माझी मागणी. माहिती सगळी त्यांच्याकडे आहे, प्रामाणिक आहे, झाकायचं ते झाकून बाकी उघडं ठेवलेलं आहे. ती तीन ठिकाणी विखुरलेली असल्यामुळे थकलेले आई-बाप शेवटी एजंटच्या एका आकड्याकडे जातात. शिवाय अहवाल मागच्या शैक्षणिक वर्षाचा असतो, तेव्हा मुख्याध्यापक बदलले असतील तर ते त्यात कळणार नाही. त्यासाठी शाळेत जाऊन उभं राहावं लागतं. मी गेले, दोन्हीकडे, सुट्टीच्या वेळी, फाटकाबाहेरून.

मुलाने 'पाचच्या' टाउनमध्ये घर घेतलं. हायस्कूलच्या हजेरीचा तक्ता मी सूनबाईच्या फायलीत वर लावलाय आणि नात सातवीत गेली की तो पुन्हा काढायचा असं लिहून ठेवलंय. घरात आठ जुलैला जायचं आहे. त्याआधी येत्या शनिवारी या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावरचं तेलुगू जोडपं येणार आहे. त्यांचा मुलगा पाचवीत, विशेष शिक्षण घेणारा. त्यांच्यासाठी मी अपंग मुलांच्या ओळी वेगळ्या छापून ठेवल्या आहेत, चार डिस्ट्रिक्टच्या, राज्याच्या ओळीसकट, आणि त्यांचा कागद अजून उजवीकडे रिकामा आहे.